संबंधाच्या वेळी दुखतं: निदान आणि उपचार कोणत्या क्रमाने करावेत

संबंधाच्या वेळी दुखतं म्हणून एखादी स्त्री डॉक्टरकडे जाते, तेव्हा तिच्या फाइलमध्ये बहुतेकदा आधीचे तीन-चार कागद असतात. एकावर बुरशीच्या संसर्गाची क्रीम, दुसऱ्यावर पुन्हा तीच क्रीम, तिसऱ्यावर ‘सोनोग्राफी नॉर्मल’. चौथा सल्ला कागदावर नसतो, तोंडी दिलेला असतो: टेन्शन घेऊ नका, होईल सगळं नीट. यातलं काहीच मुळातून वेडगळ नाही. कुठे दुखतं हे कुणी नीट पाहण्याआधीच औषध सुरू झालेलं असतं, गोची तिथे आहे.

या दुखण्यात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी जागा शोधायची, मग कारण, मग त्या कारणावरचा उपचार. त्यानंतर आवळून बसलेले स्नायू सैल करायचे, आणि प्रवेशाचा प्रयत्न सर्वांत शेवटी. बहुतेक जोडपी नेमकी शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात.

## टप्पा 1: आधी थांबा

दुखत असेल तर योनीत प्रवेश होईल असं काहीही काही आठवडे पूर्ण बंद ठेवा. जवळीक, स्पर्श, जे दुखत नाही ते चालू राहू द्या. बंद करायचा आहे फक्त प्रवेश.

कारण साधं आहे. डोळ्यासमोर अचानक हात आला की पापणी आपोआप मिटते, तसेच एकदा दुखल्यावर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, म्हणजे पेल्विक फ्लोअर, पुढच्या वेळी आपोआप आवळले जातात. आवळलेल्या स्नायूंमधून प्रवेश झाला की आणखी दुखतं, आणि शरीर धडा पक्का करतं. मूळ कारण एखादा साधा संसर्ग असला आणि तो कधीच बरा झाला असला, तरी ही सवय मागे राहू शकते. ‘दात-ओठ खाऊन सहन केलं की सवय होईल’ हा सल्ला म्हणूनच उलटा पडतो. सवय होते, पण आवळण्याची.

या खुणा असतील तर पुढचे टप्पे बाजूला ठेवा आणि लवकर डॉक्टरांना दाखवा: संबंधानंतर रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यानंतर कधीही रक्त जाणं, ताप आणि ओटीपोटात दुखणं एकत्र, बाहेरच्या भागावर न भरणारी जखम किंवा गाठ, लघवी अडणं. पाळी चुकली असताना ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखू लागलं, तर त्याच दिवशी. गर्भ नळीत अडकल्याची शक्यता आधी बाद करावी लागते.

## टप्पा 2: जागा आणि वेळ लिहून काढा

‘दुखतं’ हा एकच शब्द घेऊन गेलात तर डॉक्टर अंदाजच करणार. किमान दोन पाळीचक्रांची नोंद ठेवा; प्रवेशाच्या वेळचं दुखणं आठवणीवरून लिहा, त्यासाठी पुन्हा प्रयत्न नको. वहीत चार-पाच गोष्टी पुरेत:

- कुठे दुखतं: अगदी तोंडाशी, आतल्या भिंतींवर, की खोलवर ओटीपोटात.
- कधी दुखतं: प्रवेशाच्या क्षणी, घर्षणाने, खोल धक्क्याने, की नंतर काही तास.
- कसं दुखतं: जळजळ, कापल्यासारखं, ओढल्यासारखं, ठणका. आणि 0 ते 10 मध्ये किती.
- पाळीच्या कितव्या दिवशी.
- संबंध सोडून आणखी कशाने: टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप घालताना, घट्ट कपड्यांनी, सायकलवर, बराच वेळ बसून, शौचाला किंवा लघवीला होताना.

शेवटचा मुद्दा बायका बहुतेक वेळा सांगतच नाहीत, कारण त्याचा संबंधाशी काय संबंध असं वाटतं. पण निदानाचा धागा कित्येकदा तिथेच सापडतो. पाळीच्या दिवसांत शौचाला दुखत असेल तर एन्डोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) विचार करावा लागतो. मूत्राशय भरत जाताना दुखतं आणि लघवी झाल्यावर हायसं वाटतं, तर दुखणं मूत्राशयाचं असू शकतं. बसल्यावर वाढणारं आणि उभं राहिल्यावर कमी होणारं दुखणं त्या भागातल्या नसेकडे बोट दाखवतं.

आणखी एक प्रश्न: पहिल्यापासून दुखतं, की मध्ये काही वर्षं व्यवस्थित होतं आणि मग सुरू झालं? मध्येच सुरू झालं असेल तर त्याआधीच्या सहा महिन्यांत काय बदललं ते आठवा. बाळंतपण, स्तनपान, नवी गर्भनिरोधक गोळी, अँटिबायोटिकचे कोर्स, ओटीपोटाची शस्त्रक्रिया, पाळी अनियमित होणं. पहिल्यापासूनच काहीच आत जात नसेल, टॅम्पॉनही नाही, तर स्नायूंच्या आवळण्याबरोबर योनिपटल किंवा आतल्या पडद्याची जन्मजात रचनाही तपासावी लागते.

### आरशात पाहणं

हात धुऊन, चांगल्या उजेडात, छोटा आरसा घ्या. योनिमुखाला घड्याळाची तबकडी समजा: 12 मूत्रद्वाराच्या बाजूला, 6 गुदद्वाराच्या बाजूला. स्वच्छ कापसाच्या काडीचं टोक पाण्याने ओलं करा. आधी मांडीवर, मग बाहेरच्या भगोष्ठांवर (योनिमुखाभोवतीच्या त्वचेच्या घड्या), मग आतल्या भगोष्ठांच्या आतल्या कडेने एकेका आकड्यावर हलकेच टेकवा. दाबायचं नाही. कुठल्या आकड्यावर काय वाटलं ते लिहा. त्वचा कुठे पांढुरकी, चुरगळलेल्या पातळ कागदासारखी दिसते का, चिरा आहेत का, आतले भगोष्ठ झिजल्यासारखे किंवा चिकटल्यासारखे वाटतात का, तेही पाहा.

तपासून घ्या: एका वाक्यात सांगता येतंय का? उदाहरणार्थ, ‘प्रवेशाच्या क्षणी, 5 ते 7 आकड्यांच्या मध्ये, कापल्यासारखं, 10 पैकी 7, गेल्या आठ महिन्यांपासून, टॅम्पॉन घालतानाही.’ असं वाक्य तयार झालं की डॉक्टरांकडे जायची तयारी झाली.

## टप्पा 3: जाण्याआधीची तयारी

तपासणीच्या आधीच्या आठवड्यात योनीत कोणतीही क्रीम किंवा गोळी स्वतःच्या मनाने घालू नका. स्रावाच्या तपासणीचा निकाल त्याने फसतो. योनी आतून धुणं तर कायमचंच बंद करा. बाहेरच्या भागाला सुगंधी साबण, इंटिमेट वॉश, सुगंधी पॅड किंवा वाइप्स वापरत असाल तर तेही थांबवा. काहींचा त्रास नुसत्या यानेच निम्म्यावर येतो, कारण मूळ दुखणं या वस्तूंच्या अ‍ॅलर्जीचंच असतं.

घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी करा. गर्भनिरोधक गोळ्या, स्तनाच्या कर्करोगानंतर दिली जाणारी हार्मोन कमी करणारी औषधं, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं यांनी कोरडेपणा येऊ शकतो किंवा इच्छा-उत्तेजना मंदावते. यादी दाखवायची असते; गोळ्या आपणहून बंद करायच्या नसतात.

अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की तपासणीला भीती वाटते आणि वेळ जास्त लागेल. सोबत कुणाला तरी आत थांबवण्याचा हक्क तुमचा आहे. जोडीदारासमोर बोलायला अवघड जात असेल तर पहिली दहा मिनिटं एकटीने बोला. पूर्वी जबरदस्ती झाली असेल तर ‘तपासणी मला अवघड जाते’ एवढं सांगितलं तरी चालतं. तपशील देणं बंधनकारक नाही.

## टप्पा 4: तपासणीचा योग्य क्रम

सर्वाधिक गडबड इथे होते. पुष्कळदा तपासणी थेट स्पेक्युलमने, म्हणजे योनी उघडून आत पाहायच्या साधनाने, सुरू होते. रुग्ण कळवळते, स्नायू आवळतात, आणि मग पुढचं काहीच नीट कळत नाही. योग्य क्रम बाहेरून आत जातो:

1. आधी नुसतं पाहणं: त्वचा, रंग, चिरा, व्रण, टाक्यांच्या खुणा.
2. कापसाच्या काडीने तबकडीवरचा एकेक आकडा.
3. एका बोटाने, हळूहळू, पेल्विक फ्लोअरचे स्नायू दोन्ही बाजूंनी दाबून पाहणं.
4. त्यानंतर, जमलं तरच, लहान आकाराचा स्पेक्युलम.
5. शेवटी एक हात पोटावर ठेवून गर्भाशय आणि त्यामागची जागा तपासणं.

दुसऱ्या पायरीवर काय दिसतं याला मी सर्वाधिक वजन देईन. दुखणं फक्त खालच्या अर्ध्या भागात, म्हणजे 4 ते 8 च्या दरम्यान असेल, तर आवळलेल्या स्नायूंकडे संशय जातो. पूर्ण वर्तुळात दुखत असेल तर योनिमुखाच्या त्वचेतच काही आहे: हार्मोनची कमतरता, नसांची अतिसंवेदनशीलता किंवा दाह. हा पक्का पुरावा नव्हे, पण पुढचा रस्ता ठरवायला उपयोगी आहे. तिथे लिडोकेनचं भूल देणारं मलम लावून काही मिनिटांनी पुन्हा काडी टेकवली आणि दुखणं गेलं, तर उगम तिथेच आहे हे बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

तुम्ही कुठल्याही क्षणी ‘थांबा’ म्हणू शकता, आणि थांबायलाच हवं. स्पेक्युलम स्वतःच्या हाताने आत घालू देण्याची विनंतीही करता येते. पहिल्या भेटीत फक्त पहिल्या दोन पायऱ्या झाल्या तरी भेट वाया गेली असं समजू नका.

सावधान: ‘सगळं नॉर्मल दिसतंय’ असं सांगितलं गेलं, तर विचारा: योनिमुखावर काडीने तपासलं का? स्नायू दाबून पाहिले का? दोन्ही झालं नसेल तर तपासणी अर्धीच झाली आहे.

## टप्पा 5: चाचण्या, आणि ‘नॉर्मल’चा अर्थ

योनीच्या स्रावाचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी स्वस्त आणि कामाची. प्रजननक्षम वयात पीएच साधारण 3.8 ते 4.5 असतो. तो वाढलेला असेल तर जिवाणूंचं बिघडलेलं संतुलन, ट्रायकोमोनस (संबंधातून पसरणारा परजीवी) किंवा इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची कमतरता यांपैकी काही असू शकतं. बुरशीचा संसर्ग वारंवार होतोय असं वाटत असेल तर कल्चर (नमुन्यातली बुरशी वाढवून ओळखण्याची चाचणी) करून घ्या. खाज नाही, स्राव नाही, नुसती जळजळ आहे, अशा वेळी न तपासता पुन्हा पुन्हा बुरशीची क्रीम लावणं हीच या आजारातली सर्वांत जास्त होणारी चूक. क्रीमने त्वचा आणखी चिडते. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या संसर्गांची तपासणी आणि लघवीची तपासणी गरजेनुसार.

खोलवर दुखत असेल तर योनीमार्गे सोनोग्राफी करतात. बीजकोषातल्या गाठी, फायब्रॉइड (गर्भाशयातल्या कर्करोगाच्या नसलेल्या गाठी), अ‍ॅडिनोमायोसिस (गर्भाशयाचं अस्तर त्याच्याच स्नायूत वाढणं) यात दिसू शकतात. पण सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून एन्डोमेट्रिओसिस नाही असं ठरत नाही. पातळ थराच्या स्वरूपातला आजार त्यात सहसा दिसत नाही. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला निदानाचा एकमेव निकष मानणं सोडलं. लक्षणं जुळत असतील तर शस्त्रक्रियेआधी औषधं सुरू करून पाहता येतात.

त्वचेवरचा डाग किंवा व्रण संशयास्पद असेल, किंवा उपचारांनी बदलत नसेल, तर छोटा तुकडा काढून बायोप्सी.

## टप्पा 6: कारणानुसार उपचार

कोरडेपणा आणि इस्ट्रोजेनची कमतरता. पाळी गेल्यानंतर हे सर्रास होतं, पण स्तनपान करणाऱ्या तिशीतल्या बाईलाही होतं आणि तिथे ते हमखास नजरेतून सुटतं. मॉइश्चरायझर (ओलावा टिकवणारं) आणि ल्युब्रिकंट (वंगण) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉइश्चरायझर संबंध असो वा नसो, दर दोन-तीन दिवसांनी लावायचं; ल्युब्रिकंट फक्त त्या वेळी. निवडताना सुगंध, चव, ‘वॉर्मिंग’ असं काही नको. पाण्याच्या ल्युब्रिकंटची ऑस्मोलॅलिटी (त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) किलोमागे 1200 मिलिऑस्मोलपेक्षा जास्त नसावी असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. जास्त असेल तर ते पेशींतलं पाणी ओढतं आणि वर जळजळ. तेल लेटेक्सच्या कंडोमसोबत कधीच नको, कंडोम फाटतो.

एवढ्याने भागलं नाही तर योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन. साधारण पद्धत: पहिले दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा. पूर्ण परिणाम दिसायला 12 आठवडेही लागू शकतात. तीन आठवड्यांत सोडून देणाऱ्या खूप जणी असतात. ट्यूबसोबतच्या कागदावरचे इशारे वाचून घाबरणाऱ्याही तितक्याच; या मार्गाने रक्तात फारच थोडं हार्मोन जातं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

लायकेन स्क्लेरोसस (त्वचेचा एक जुनाट दाह). पांढुरकी, चुरगळलेली त्वचा, खाज, चिरा. यावर क्लोबेटासोल 0.05 टक्के हे तीव्र स्टिरॉइड मलम: सहसा महिनाभर रोज, पुढचा महिना एक दिवसाआड, त्यापुढचा महिना आठवड्यातून दोनदा. ‘स्टिरॉइड आहे’ म्हणून घाबरून अर्धवट लावणं धोक्याचं, कारण उपचार न झालेल्या त्वचेवर व्रण वाढून तिथली रचना बिघडते आणि थोडासा कर्करोगाचा धोकाही असतो. 30 ग्रॅमची ट्यूब साधारण तीन महिने पुरायला हवी. त्याआधीच संपली तर जास्त लावलं जातंय.

संसर्ग. तपासणीत सापडला तर त्याचाच उपचार, ठरलेले सगळे दिवस. ट्रायकोमोनससारख्या संसर्गात जोडीदाराचाही.

योनिमुखाचं दुखणं, कारण सापडत नाही. तीन महिन्यांहून जास्त काळ दुखतंय आणि तपासणीत दुसरं काही नाही, तर त्याला व्हल्वोडायनिया म्हणतात. ‘कारण सापडत नाही’ म्हणजे ‘मनाचं आहे’ असं नव्हे. पेल्विक फ्लोअरची फिजिओथेरपी आणि वेदनेवर काम करणारं समुपदेशन हा पाया. लिडोकेन मलम मदतीला. संबंधाआधी लावलं तर जोडीदारालाही बधिरपणा येतो, म्हणून पुसून घ्या किंवा कंडोम वापरा. नसांच्या वेदनेवरच्या गोळ्या दिल्या जातात, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा नको: 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गॅबापेन्टिन नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. गर्भनिरोधक गोळी सुरू केल्यानंतर दुखणं आलं असेल तर दुसरं साधन ठरवून मग गोळी बदला. योनिमुखाचा दुखरा पट्टा काढण्याची शस्त्रक्रिया असते. ती फक्त त्या जागेपुरत्या दुखण्यात, बाकी सगळं करून झाल्यावर.

बाळंतपणाच्या टाक्यांची जागा. तिथे कच्चं, सहज रक्त येणारं मांस वाढलं असेल तर दवाखान्यातच सिल्व्हर नायट्रेटने जाळता येतं. जखम पूर्ण भरली असेल आणि व्रण घट्ट झाला असेल तर बोटाने हळूहळू मालिश, फिजिओथेरपिस्टकडून शिकून.

खोलवरचं दुखणं. एन्डोमेट्रिओसिसमध्ये प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन) किंवा एकत्रित हार्मोन गोळ्या, न भागल्यास शस्त्रक्रिया. गर्भधारणा हवी असेल तर हे पहिल्याच भेटीत सांगा, कारण ती औषधं चालू असताना सहसा गर्भ राहत नाही. मूत्राशय आणि आतड्याचा त्रास असेल तर त्याचा वेगळा उपचार. जुन्या बद्धकोष्ठाकडे तर आधी लक्ष द्या.

## टप्पा 7: स्नायूंना सैल व्हायला शिकवणं

मूळ कारण कोणतंही असो, हा टप्पा बहुतेकींना लागतो. आणि इथली ठळक चूक म्हणजे केगल व्यायाम. केगलने स्नायू आवळायला शिकतात. आधीच आवळलेल्या स्नायूंना ते शिकवणं म्हणजे आगीत तेल. सांगणाऱ्याने स्नायू तपासले नसतील तर तो व्यायाम करू नका.

सुरुवात श्वासापासून. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, एक हात पोटावर. श्वास घेताना पोट वर येऊ द्या आणि खालचा भाग लघवी सुटण्याआधीच्या क्षणासारखा ढिला पडू द्या. रोज पाच मिनिटं. हे जमल्याशिवाय डायलेटरला (योनीत घालायचं, वाढत्या आकारांत मिळणारं गुळगुळीत साधन) हात लावायचा नाही.

मग डायलेटर, किंवा स्वतःचं बोट:

1. भरपूर ल्युब्रिकंट. सर्वांत लहान आकार.
2. टोक नुसतं तोंडाशी टेकवून ठेवा. काही दिवस एवढंच.
3. श्वास सोडताना किंचित खाली जोर द्या, आणि त्याच क्षणी टोक हळूच आत. जोर दिल्याने योनिमुख उघडतं. आवळून आत ढकललं तर भिंतच लागते.
4. आत गेल्यावर हलवू नका. दहा-पंधरा मिनिटं पडून राहा, श्वास चालू.
5. सलग काही वेळा दुखणं 10 पैकी 2 च्या वर गेलं नाही, की मगच पुढचा आकार.

आठवड्यातून चार-पाच वेळा पुरेसं. दुखणं 3 च्या वर गेलं की मागच्या आकारावर परत या. यात शर्यत नाही. आणि डायलेटर तुमच्या हातात राहिला पाहिजे, जोडीदाराच्या नाही. निदान सुरुवातीला तरी.

सावधान: त्वचेवर ताजी चीर असेल किंवा संसर्गाचा उपचार चालू असेल तर हा टप्पा थांबवा. आधी ते भरू द्या.

## टप्पा 8: संबंधाकडे परत

जोडीदाराशी एक गोष्ट आधी पक्की करा: ‘थांब’ म्हटलं की त्याच क्षणी थांबायचं, रुसवा नाही, ‘अजून जरा’ नाही. हे पाळलं जाणार नसेल तर हा टप्पा सुरूच करू नका.

पहिले काही दिवस जोडीदाराचं बोट, मग तोंडाशी नुसता स्पर्श, मग अर्धवट प्रवेश, हालचाल न करता. खोली आणि वेग तुमच्या ताब्यात राहील अशी स्थिती घ्या, म्हणजे तुम्ही वर किंवा कुशीवर. खोलवर दुखत असेल तर पुरुषाच्या लिंगाच्या बुडाशी घालायच्या मऊ रिंगा मिळतात. त्यांनी प्रवेशाची खोली कमी होते. आणि शरीर तयार व्हायला वेळ द्या. उत्तेजना येण्याआधी योनी आखूडही असते आणि कोरडीही.

## अडलं तर

तीन महिने नियमित उपचार करून नोंदवहीतले आकडे हललेच नाहीत तर औषध वाढवण्याआधी निदान पुन्हा तपासा. दोन कारणं एकत्र असणं अगदी सामान्य आहे: एन्डोमेट्रिओसिस आणि आवळलेले स्नायू, कोरडेपणा आणि लायकेन स्क्लेरोसस. एकाचाच उपचार झाला की दुसरं दुखत राहतं आणि औषध निकामी वाटतं. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना नोंदवही, बायोप्सीचे अहवाल, आणि आधी काय, किती दिवस, किती मात्रेत वापरलं याची यादी सोबत न्या.

बरं झाल्यावर सहा महिन्यांनी एखाद्या रात्री पुन्हा दुखलं तर त्या रात्री थांबा, दुसऱ्या दिवशी आरसा घ्या, आणि डायलेटरच्या दोन आकार मागे जाऊन आठवडाभर तिथेच राहा. बहुतेकदा एवढ्याने गाडी रुळावर येते. आली नाही तर वही उघडून टप्पा 2 पासून.